चढ किती आणि पायाचा जोर किती: पिकअपमधल्या चढमापकाच्या नोंदी

दादाची पिकअप नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटानं कल्याणला उतरते आणि परतीला मिळेल ते भाडं घेऊन तोच घाट चढते. परतीच्या डिझेलचा हिशेब कधीच सारखा येत नाही. त्यातलं घाटानं किती खाल्लं आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायानं किती, हे वेगवेगळं कळावं म्हणून ही डबी करायला घेतली. बाजारात गोळीचं चढमापक मिळतं, पण गाडी पळायला लागली की सपाट रस्त्यावरही ते चढ दाखवतं. ही अडचण प्रत्येकालाच येणार आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. त्वरण आणि सेन्सरनं मोजलेलं बल (दर किलोमागचं) दोन्ही मी/से²मध्ये आहेत. चढ टक्क्यांत आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर किती मीटर वर.

४ जानेवारी

सेन्सर विकत घेण्याआधी गवंड्याचा ओळंबा कॅबिनच्या छताला टांगला आणि मागे कोनमापक काढलेला पुठ्ठा लावला. गाडी रिकामी. बायपासच्या सपाट तुकड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून पळवली, तर ओळंबा मागे जाऊन आठ-नऊ अंशांवर थांबला. वेग स्थिर झाला की पुन्हा मधोमध. ८.७ अंश म्हणजे १.५ मी/से² त्वरण. उभ्या गाडीत ओळंब्याला तेवढंच मागे न्यायचं तर १५ टक्क्यांचा चढ लागेल. डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष साधारण ५ ते ६ टक्क्यांचे आहेत, नाइलाज असेल तिथे ७-८. म्हणजे ॲक्सिलरेटर जोरात दाबला की घाटातल्या सगळ्यात खड्या चढाच्याही दुप्पट आकडा निव्वळ पायामुळे येतो.

पुतण्याकडे जत्रेतला गॅसचा फुगा होता. तो उलटा वागतो, मग त्यातून काही कळेल का, असं त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता म्हणून तेही करून पाहिलं. फुग्याचा दोरा खाली सीटच्या पायाला बांधला. गाडी पळाली तसा फुगा पुढे झुकला आणि ओळंबा मागे गेला. पण दोन्ही दोरे एकमेकांना समांतर होते. मग गाडी टेकडीच्या चढावर उभी केली: फुगा पुढे, ओळंबा मागे, दोरे पुन्हा समांतर. दोघांनाही ‘खाली’ची एकच दिशा कळते, आणि ती दिशा चढानं वळली की वेगवाढीनं, हे दोघांनाही कळत नाही. काचा झाकून आत बसलेल्या माणसालाही कळणार नाही.

सेन्सरचं तसंच आहे. गाडीच्या लांबीच्या दिशेनं तो जे बल मोजतो त्यात त्वरण आणि चढाचा वाटा, म्हणजे ९.८१ गुणिले चढाच्या कोनाची साइन, यांची बेरीज असते. बेरीज एक, अज्ञात दोन.

११ जानेवारी

सामान आलं. ईएसपी-३२ बोर्ड (आकडे गोळा करणारा छोटा संगणक) ४५० रुपये, एमपीयू-६०५० मॉड्यूल (बल मोजणारा सेन्सर) १८०, मेमरी कार्डाचं मॉड्यूल ८०, कार्ड ३००, बॅटरीच्या १२ व्होल्टचे ५ करणारा कन्व्हर्टर १२०.

डबी डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावली होती. डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी आकडे १ मी/से² इकडेतिकडे नाचत होते. १ टक्क्याचा चढ म्हणजे जेमतेम ०.१. डॅशबोर्डचं प्लास्टिक स्वतःच थरथरतं, टेप मऊ असते, आणि उन्हात ती आणखी सैल होते. टेपवर कुणी वेळ घालवू नये. सीटखाली पत्र्याच्या आडव्या पट्टीला सीटचे बोल्ट येतात. तिथे ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टखालीच दाबून घेतली आणि डबी तिला स्क्रूनं आवळली. सेन्सरच्या आतलं फिल्टर ५ हर्ट्झवर ठेवलं, म्हणजे सेकंदाला पाचपेक्षा जलद थरथर गाळली जाते. आता उभ्या गाडीत इंजिन चालू असताना आकडे ०.०५च्या आत राहतात.

१८ जानेवारी

एकाच सेन्सरवर भागतंय का पाहायचं होतं, कारण कागदावर एक वाट दिसते. चढावर उभ्या गाडीत एकूण बल ९.८१च राहतं, फक्त त्याची दिशा बदलते. सपाटीवर वेग वाढवला तर त्वरण काटकोनात मिळतं आणि एकूण बल वाढतं. म्हणजे तिन्ही अक्षांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की झालं.

पण आकडेच साथ देत नाहीत. १.५च्या जोरदार त्वरणाला एकूण बल ९.९२ होतं, म्हणजे फरक ०.११. रोजच्या चालवण्यातल्या ०.५ त्वरणाला ते ९.८२३ होतं, म्हणजे फरक ०.०१३. या सेन्सरच्या माहितीपत्रकातच शून्याची चूक आडव्या अक्षांवर ५० आणि उभ्या अक्षावर ८० मिलि-जी दिली आहे, म्हणजे अनुक्रमे ०.४९ आणि ०.७८ मी/से². काचेवर स्पिरिट लेव्हल लावून डबी सहाही बाजूंवर ठेवली आणि शून्य दुरुस्त केलं. चूक खूप कमी झाली, पण सकाळचं शून्य दुपारी तापलेल्या कॅबिनमध्ये टिकलं नाही. त्यात रस्त्यावरचा एक साधा खड्डा उभ्या अक्षावर दोन-तीन मी/से²चा दणका देतो. त्यातून ०.०१३ वेचून काढणं जमणार नाही. जानेवारीचे उरलेले रविवार यात गेले. ही वाट सोडली.

२ फेब्रुवारी

आता जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर. त्याच मॉड्यूलमध्ये तो असतोच. गाडी चढाला लागताना तिचं नाक वर उचललं जातं, म्हणजे ती फिरते. सपाटीवर वेग वाढताना फिरत नाही. आपल्या कानातही हीच जोडी असते: अर्धवर्तुळाकार नलिका फिरणं ओळखतात आणि त्यांच्याशेजारचे बारीक खडे झुकणं आणि वेगवाढ एकत्र ओळखतात. अंधारात उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला विमानाच्या त्वरणामुळे नाक वर गेल्याचा भास होतो तो या खड्यांमुळे. सिम्युलेटर याचाच उलटा फायदा घेतो: खुर्ची इतकी हळू मागे कलवतो की नलिकांना पत्ता लागत नाही, आणि बसलेल्याला वाटतं आपण पुढे पळतोय.

आमच्या जायरोचा दोष असा की शून्य दुरुस्त केल्यावरही सेकंदाला ०.०५ अंशाची सरक राहते. मिनिटाला ३ अंश. म्हणजे सरळ रस्त्यावर मिनिटभरात ५ टक्क्यांचा खोटा चढ उभा राहतो. दोन-तीन सेकंदांपुरता जायरोवर भरवसा ठेवता येतो, त्यापुढे नाही. बाजूला ठेवला, पुढे लागेल.

९ फेब्रुवारी

बेरजेतला एक अज्ञात दुसरीकडून आणायचा तर सोपा आहे तो वेग. चाकाला चढ कळत नाही, फक्त वेग कळतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडीच्या संगणकातले आकडे वाचतात तो) ४०० रुपयांचं ब्लूटूथ ॲडाप्टर लावून वेग वाचला आणि त्याच्या बदलातून त्वरण काढलं.

आलेख जिन्यासारखा आला. ओबीडीतून वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, दशांश नाही. एका सेकंदात ताशी १ किमीची पायरी म्हणजे ०.२८ मी/से², आणि चढात ती २.८ टक्के दिसते. पायऱ्या सपाट करायच्या तर चार-पाच सेकंदांची सरासरी लागते, आणि तेवढ्यात पिकअप वळण संपवून पुढच्या चढाला लागलेली असते. ॲडाप्टरही मधूनमधून अर्धा सेकंद गप्प बसत होतं. ४०० रुपये गेले.

१६ फेब्रुवारी

वेग थेट प्रोपेलर शाफ्टवरून, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्यावरून, घ्यायचा ठरवलं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यानं शाफ्ट खालून मोकळा दिसतो, आणि चाकाच्या एका फेऱ्यात तो चारपेक्षा जास्त वेळा फिरतो, म्हणजे मोजमाप आपोआप बारीक होतं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून मोजलं: चाकाच्या एका फेऱ्याला २.०५ मीटर, शाफ्टच्या एका फेऱ्याला बरोबर अर्धा मीटर.

४० रुपयांचा हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेलं की खूण देतो) आणि दोन छोटी चुंबकं. चुंबकं समोरासमोरच लावायची, नाहीतर शाफ्टचा तोल जातो. आधी ती दोन भागांच्या डिंकानं चिकटवली होती. शाफ्टवर ग्रीस आणि धूळ असते. घासून पुसूनही पहिल्याच फेरीत एक चुंबक उडालं. गॅरेजच्या मिस्त्रींनी रेडिएटरच्या पाइपाला लावतात ती स्टीलची क्लिप दिली. चुंबकं त्याखाली दाबून क्लिप आवळली, आणि दुसरी क्लिप उलट्या तोंडानं शेजारी लावली, म्हणजे क्लिपच्या स्क्रूचं वजन दोन्ही बाजूंना सारखं होतं. त्यानंतर काही निघालं नाही. ज्याला शाफ्टखाली काम करायची सवय नाही त्यानं हे मिस्त्रींकडूनच करून घ्यावं, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून मुळीच नाही; स्टँडवर किंवा खड्ड्यावर घेऊनच.

पहिला आलेख दातेरी आला: वेग कमी-जास्त, कमी-जास्त. दोन चुंबकं अगदी समोरासमोर बसत नाहीत, त्यामुळे दोन खुणांमधले अर्धे फेरे सारखे नसतात. एका चुंबकापासून पुन्हा त्याच चुंबकापर्यंतचा पूर्ण फेरा मोजायला लागलो आणि दाते गेले. ताशी ३६ किमीला सेकंदाला २० फेरे मिळतात, ओबीडीच्या मानानं पुष्कळच. अंतराचा गुणक किलोमीटरच्या दगडांवरून पाच किलोमीटर चालवून पक्का केला.

२३ फेब्रुवारी

दोन्ही आकडे एकत्र: सेन्सरचं बल वजा शाफ्टवरचं त्वरण, भागिले ९.८१. सपाट बायपासवर चढ शून्याच्या आसपास यायला लागला. प्रत्येक गिअर बदलताना मात्र आलेखात एक वर आणि एक खाली असा काटा उठत होता.

कारण उशिराचं होतं. त्वरण काढताना मागच्या एका सेकंदातल्या वेगाच्या नोंदींना सरळ रेषा बसवतो, त्यामुळे ते अर्धा सेकंद मागचं असतं. बल मात्र जवळजवळ ताजं. क्लच दाबला की त्वरण क्षणात ०.८ वरून शून्याखाली जातं, आणि तेवढा अर्धा सेकंद वजाबाकी चुकते. बलाचीही तीच एका सेकंदाची सरासरी घेतली, दोघांना सारखा उशीर दिला आणि काटे मावळले. या प्रकल्पात सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर यानं. सेन्सर महागाचा नसला तरी चालतं, पण दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत.

तरीही जोरात दाबलं की थोडा चढ उरतच होता. पळताना गाडीची शेपटी दबते आणि नाक उचलतं. डबी गाडीला आवळलेली असल्यानं तीही कलते. सपाटीवर वेगवेगळ्या जोरानं पळवून पाहिलं, तर दर १ मी/से² त्वरणाला ०.०८ जादा बल येतं, म्हणजे अर्ध्या अंशाची बैठक. म्हणून सूत्रात त्वरण १.०८नं गुणून वजा करतो. हा गुणक प्रत्येक गाडीला वेगळा येईल, स्प्रिंगांवर अवलंबून.

२ मार्च

माळशेजची पहिली पूर्ण फेरी. डावीकडच्या वळणात चढ वाढतो आणि उजवीकडच्या वळणात कमी होतो. रस्ता असं करत नसतो.

डबी गाडीच्या लांबीशी थोडी तिरकी बसली होती. १४ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी २० किमीला बाजूचं त्वरण २.२ होतं. डबी ३ अंश तिरकी असेल तर त्यातलं ०.११ लांबीच्या अक्षात गळतं, म्हणजे १ टक्क्याहून जास्त खोटा चढ, वळणाच्या बाजूप्रमाणे अधिक किंवा उणे. पट्टीनं मोजून तीन अंश सापडत नाहीत. सरळ सपाट रस्त्यावर ब्रेक दाबायचे: तेव्हा बाजूच्या अक्षावर काहीच यायला नको. जे येतं त्याला लांबीच्या आकड्यानं भागलं की तिरकेपणा मिळतो. आमचा २.६ अंश निघाला. डबी न हलवता प्रोग्राममध्येच फिरवून घेतला.

९ मार्च

भरलेल्या गाडीत सपाट रस्ताही चढ दाखवतो. क्रेट भरले की मागचे पाटे दबतात. चाकांमधलं अंतर अडीच मीटर आणि मागची बाजू ५ सेंटीमीटर खाली गेली तर १.१ अंश, म्हणजे २ टक्के. माल बदलला की शून्य बदलतं.

यावर उपाय बाजारातच होता. माल भरल्यावर गाडी वजनकाट्यावर जातेच, आणि काट्याचा प्लॅटफॉर्म बऱ्यापैकी सपाटीत बसवलेला असतो. दादाला म्हटलं, काट्यावर उभा असताना फक्त बटण दाब. तो म्हणाला, “आणि काटाच तिरका असला तर?” मग त्याची खात्री केली. गाडी काट्यावर एका तोंडानं उभी करून आकडा घेतला, मग फिरवून उलट्या तोंडानं, चाकं त्याच जागी आणून. दोन आकड्यांच्या बेरजेचा निम्मा म्हणजे डबीचं शून्य, वजाबाकीचा निम्मा म्हणजे जमिनीचा चढ. काटा ०.१ टक्क्याच्या आत सपाट निघाला. ज्याच्याकडे काटा नाही त्यानं घरासमोर हेच करावं; जागा तिरकी असली तरी चालते, फक्त दोन्ही वेळा तीच हवी.

१६ मार्च

आता ज्याचा चढ आधीच माहीत आहे अशा जागी डबी तपासायची होती. रस्त्यावर तशी जागा मिळत नाही, रेल्वेवर मिळते. बोरघाटातल्या कर्जत ते लोणावळा मार्गाचा कमाल चढ ३७ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, दीड अंशाहून थोडा जास्त. १८६३ साली मार्ग सुरू झाला तेव्हापासून हा चढ प्रसिद्ध आहे, आणि तो चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ती कर्जतला. उलट स्थानकाच्या यार्डात रेल्वे सहसा ४००ला १ पेक्षा जास्त चढ ठेवत नाही, म्हणून शून्य घ्यायला कर्जत चांगलं.

पॉवर बँकेवर डबी चालवली, सीटखाली फरशीवर लाकडी फळीला आवळून, खिडकीकडच्या कडेला समांतर. इथे शाफ्ट नाही, म्हणून फक्त गाडी उभी असताना किंवा जीपीएसवर वेग स्थिर असतानाचे आकडे धरले. बोगद्यात जीपीएस जातो, तो भाग सोडून दिला.

घाटात गाडी सिग्नलला थांबली. आकडा ०.२६, म्हणजे २.६५ टक्के. हवं होतं ०.२६५. एवढ्या स्वस्त सेन्सरकडून याहून जास्त मी मागणार नाही. मग गाडी सुटली आणि त्याच रुळावर, त्याच चढावर आकडा ०.४५च्या पुढे गेला, वेग ठरल्यावर पुन्हा ०.२६ वर आला. वेगाकडे न पाहता नुसता हाच आकडा धरला असता तर डबीनं तिथे साडेचार टक्क्यांचा चढ लिहिला असता, जो त्या मार्गावर कुठेच नाही. रुळाच्या कडेला चढाचे आकडे लिहिलेले खांब असतात. दारात उभं राहून ते वाचायच्या भानगडीत पडू नये, खिडकीतून दिसतील तेवढे पुरेत.

२३ मार्च

लांब अंतरात लहान चूक साचते. शून्य ०.२ टक्क्यानं चुकलं तर १० किलोमीटरमध्ये २० मीटर खोटी उंची तयार होते. ते पकडायला १२० रुपयांचा बीएमपी-२८० वायुदाबमापक जोडला. दर हेक्टोपास्कलला साधारण ९ मीटर उंची.

काच उघडली की कॅबिनमधला दाब बदलतो, ब्लोअर लावला तरी बदलतो, घाटातल्या छोट्या बोगद्यात शिरताना समोरून ट्रक आला तर आणखी उडी मारतो. म्हणून दाबावरून क्षणाक्षणाचा चढ काढायच्या फंदात पडलो नाही. फक्त घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर, गाडी उभी असताना दोन्ही काचा उघड्या ठेवून, उंची घ्यायची; आणि चढ गुणिले अंतर मिळवत आलेली उंची तिच्याशी जुळवायची. फरक आला तर तो सगळ्या वाटेवर सारखा वाटून शून्य दुरुस्त करायचं. जायरोही इथे कामाला आला: वळणातून अचानक चढ बदलतो तेव्हा एका सेकंदाचा उशीर तो भरून काढतो, आणि तीन सेकंदांपलीकडे त्याचं म्हणणं पुसलं जातं.

केसावळणांवर चढ उतरल्यासारखा दिसतो, पण तिथे ती चूक नाही. निकषांप्रमाणे अशा वळणावर चढ ४०ला १ पर्यंतच ठेवायचा असतो, आणि तिरकेपणा काढल्यावर डावी-उजवी दोन्ही वळणं आता सारखीच दिसतात.

३० मार्च

डिझेलचा प्रश्न. भरलेली पिकअप अडीच टन धरली तर ५ टक्के चढावर तिला मागे ओढणारं बल सुमारे १,२२५ न्यूटन, आणि सपाटीवर ०.५नं वेग वाढवायला लागणारं बल १,२५०. इंजिनाला दोन्ही सारखंच. म्हणजे इंजिनावरचा भार पाहायचा असेल तर सुरुवातीचा न सोडवलेला आकडाच बरोबर होता. ओळंबा जे दाखवतो तेच इंजिन सोसतं. वेगळं करायची गरज आहे ती चालवणाऱ्याच्या वाट्याचं काय हे कळण्यासाठी. चढाला लागलेलं डिझेल कुणीही चालवलं तरी लागणार. वेगवाढीला लागलेलं डिझेल पुढच्याच वळणावर ब्रेकच्या ड्रममध्ये तापून जातं, आणि ते किती वेळा वाढवायचं हे पायाच्या हातात आहे.

परतीच्या नोंदी दादासमोर ठेवल्या. घाटात प्रत्येक दोन वळणांमध्ये त्यानं वेग वाढवून पुन्हा मारलेला दिसतो, आणि त्या उड्यांत चढाच्या बलाइतकंच बल पुन्हा लागलेलं आहे. त्यानं आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, तिसऱ्या गिअरमध्ये एकाच वेगानं चढलो तर हे खालचे डोंगर जातील का. पुढच्या फेरीला तसंच करून पाहणार आहे, तेच वजन आणि तोच घाट.

सगळा खर्च, वाया गेलेलं ॲडाप्टर धरून, १,७५०च्या आत. क्लिपांचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत. दुसऱ्या गाडीसाठी बदलायचे आकडे चार: शाफ्टच्या फेऱ्याचं अंतर, डबीचा तिरकेपणा, बैठकीचा गुणक, आणि माल भरल्यावरचं शून्य. पावसाळ्याआधी हॉल सेन्सरला रबरी टोपी बसवायची आहे आणि त्याची वायर सायलेन्सरपासून लांबून न्यायची आहे.